एका हातानं लावायचा पट्टा

(बापूकाका मोटारींच्या कारखान्यात तीस वर्षं काम करून निवृत्त झाले आहेत. त्यांची पुतणी मुक्ता पहिली गाडी घ्यायच्या तयारीत आहे.)

मुक्ता : काका, व्होल्वो म्हटलं की मला पुणे-मुंबई बसच आठवते. पण परवा एक जण म्हणाला, सुरक्षित मोटार म्हणजे व्होल्वो. हे नाव त्यांनी कशावर कमावलं?

बापूकाका : बसवाली आणि मोटारवाली कंपनी 1999 पासून वेगळ्या आहेत. मूळ मात्र एकच, स्वीडनमधलं गोटेबर्ग शहर. त्यांची पहिली मोटार 1927 मध्ये तिथं बाहेर पडली. आणि नाव कशावर म्हणशील, तर तू गाडीत बसल्यावर खांद्यावरून ओढून कमरेशी अडकवतेस ना, त्या पट्ट्यावर.

मुक्ता : सीटबेल्ट? तो तर सगळ्याच गाड्यांत असतो.

बापूकाका : सगळ्या गाड्यांत आहे, हेच तर त्यांचं मोठेपण. आधी गाड्यांत नुसता कमरेचा पट्टा असायचा. धडक बसली की कंबर जागेवर राहायची आणि डोकं, छाती पुढे आदळायची. काही पट्टे छातीवरून तिरके जायचे, पण त्यांचं बक्कल बरगड्यांजवळ यायचं आणि तेच आत रुतून इजा करायचं. 1958 मध्ये व्होल्वोनं नील्स बोलिन या अभियंत्याला बोलावून घेतलं. तो आधी साब कंपनीत विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनांवर काम करत होता.

मुक्ता : म्हणजे माणसाला घट्ट बांधायचं कसं, हे त्याला ठाऊकच होतं.

बापूकाका : हो, पण वैमानिक चारी बाजूंनी बांधून घेतो, कारण त्याला दुसरा इलाजच नसतो. कोपऱ्यावरून दूध आणायला निघालेला माणूस तसं बांधून घेईल का? म्हणून बोलिननं ठरवलं, पट्टा एका हातानं, क्षणात लागला पाहिजे. त्यानं एक भाग छातीवरून आणि एक मांड्यांच्या वर, कमरेच्या हाडावरून नेला. दोन्ही भाग कमरेच्या बाजूला, खाली एकाच ठिकाणी अडकवले. त्यामुळे धडकेचा जोर पोटाच्या मऊ भागावर न पडता बरगड्या आणि कमरेच्या भक्कम हाडांवर वाटला जातो. 1959 मध्ये हा पट्टा व्होल्वोच्या गाड्यांत आला.

मुक्ता : मग त्याचं पेटंट घेतलंच असेल त्यांनी.

बापूकाका : घेतलं, पण इतर कंपन्यांना वापरायला खुलं ठेवलं. प्रतिस्पर्ध्याच्या गाडीत बसणाराही जगला पाहिजे, हे त्यांनी मान्य केलं. माझ्या लेखी त्यांची खरी पुण्याई ती.

मुक्ता : लोकांनी लगेच लावायला सुरुवात केली?

बापूकाका : छे! पुरावा द्यावा लागला. 1967 मध्ये बोलिननं स्वीडनमधल्या व्होल्वो गाड्यांच्या 28,000 अपघातांचा अभ्यास मांडला. पट्टा न लावलेली माणसं कमी वेगातही दगावली होती. पट्टा लावलेलं मात्र ताशी 60 मैलांच्या आतल्या अपघातात एकही दगावलं नव्हतं. 1970 पासून त्यांचं एक पथकच प्रत्यक्ष अपघातांचा अभ्यास करू लागलं. गाडी कुठे चेपली, माणसाला कशानं लागलं, याची नोंद ठेवायची आणि पुढची गाडी त्यावरून सुधारायची.

मुक्ता : यात जाहिरातीचा भाग नाही का?

बापूकाका : आहे, आणि एकदा ती अंगाशीही आली. 1990 मध्ये अमेरिकेतल्या एका जाहिरातीत अजस्र ट्रक गाड्यांच्या रांगेवरून जातो आणि एकटी व्होल्वो तग धरते, असं दाखवलं होतं. त्या व्होल्वोला आतून आधार दिले होते, हे उघड झालं. कंपनीला जाहिरात मागे घ्यावी लागली. तेव्हा कोणाचंही नाव डोळे झाकून घेऊ नये. धडकेत चेपून जोर गिळणारा गाडीचा भाग तर मर्सिडीजच्या बेला बारेनी यांनी घडवला. श्रेय ज्याचं त्याला द्यावं.

मुक्ता : आणि हल्ली?

बापूकाका : 2019 मध्ये त्यांनी आपलं अनेक दशकांचं अपघात-संशोधन सगळ्यांना खुलं केलं. त्यात 40,000 हून अधिक गाड्या आणि 70,000 हून अधिक माणसांची माहिती आहे. कारण असं की, चाचणीतले पुतळे बहुतेक पुरुषी बांध्याचे असतात, आणि मागून धडक बसली तर मानेला इजा होण्याचा धोका बायकांना जास्त असतो. पहिल्यांदा पट्टा वाटला, साठ वर्षांनी माहिती वाटली.

मुक्ता : मग मी कोणती गाडी घेऊ?

बापूकाका : परवडेल ती घे. घेताना एअरबॅग किती आणि धडक-चाचणीत तारे किती, हे विचार. पण बोलिनचा पट्टा प्रत्येक गाडीत आहे, आणि लावला नाही तर तो नुसता लोंबतो. आपल्याकडे मागे बसणाऱ्यालाही तो कायद्यानं बंधनकारक आहे. मागचा मोकळा माणूस धडकेत पुढच्यावर आदळतो आणि दोघांचाही जीव धोक्यात घालतो. उद्या तुझी आई मागे बसेल, तेव्हा तिचा पट्टा लागल्याशिवाय गाडी सुरू करू नकोस.