खाडीची तब्येत कशी तपासायची? आठवीच्या वर्गातला एक पाठ



शहागंजच्या मुलांना खाडी शिकवणं सोपं नाही. बहुतेकांनी समुद्रच पाहिलेला नाही. "खाडी म्हणजे काय?" असं विचारलं तर एकाने सरळ सांगितलं, "सर, मोठा खड्डा!" म्हणून मी सुरुवात पाणचक्कीजवळच्या खाम नदीपासून केली. (पाणचक्कीचं पाणी खामचं नव्हे, ते डोंगराकडून नहरीने येतं. हा गैरसमज आधी काढावा लागतो.) खाम गोदावरीला मिळते, गोदावरी पार आंध्रात जाऊन बंगालच्या उपसागराला. नदी समुद्राला भेटते तिथे भरतीचं पाणी आत शिरतं, ती खाडी.

खामचं पाणी एकाच दिशेने वाहतं. खाडीत मात्र दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात, वरच्या टोकाला नदीचं पाणी गोडं. मधल्या एकाच जागी सकाळी पाणी खारट आणि दुपारी निमखारं निघू शकतं. त्यामुळे एकदा बाटली भरली आणि निकाल दिला, असं चालत नाही. मुखाजवळ, मध्ये आणि वर, भरतीला आणि ओहोटीला, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात नमुने घ्यावे लागतात.

विरघळलेल्या ऑक्सिजनचं गणित मुलांना आवडलं. 25 अंश तापमानाला गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण 8.2 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, समुद्राच्या पाण्यात 6.7 च्या आसपास. म्हणजे आकडा कमी दिसला की लगेच प्रदूषण म्हणायचं नाही, आधी खारटपणा बघायचा. पण तो 2 च्या खाली गेला तर मात्र बहुतेक मासे तिथे टिकत नाहीत. सांडपाणी कुजवणारे जिवाणू तो खाऊन टाकतात.

पाणी आज असतं, उद्या वाहून जातं. चिखल जुना हिशेब ठेवतो. म्हणून तज्ज्ञ तळाचा चिखल चाळून त्यातले कृमी, शिंपले, खेकडे मोजतात. किती जीव सापडले यापेक्षा किती जातींचे सापडले, हे महत्त्वाचं. घाण चिखलात एकदोन जातींचे कृमी हजारोंनी असतात, बाकी शुकशुकाट.

इथे माझी स्वतःची चूक सांगतो. चाचणीत प्रश्न होता, "ठाणे खाडी निरोगी आहे का?" अनेकांनी लिहिलं, "हो, कारण तिथे रोहित पक्षी येतात." मी पूर्ण गुण दिले! ठाणे खाडीला 2015 मध्ये रोहित पक्ष्यांचं अभयारण्य म्हणून आणि 2022 मध्ये रामसर स्थळ म्हणून मान मिळाला, हे खरंच. पण लहान रोहित मुख्यतः नीलहरित शेवाळ खातो, आणि सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर हे शेवाळ फोफावतं. थवे वाढले म्हणजे खाडी स्वच्छ झाली असं नव्हे, कदाचित उलटंही असेल. दुसऱ्या दिवशी वर्गात गुण मागे घेतले. एक मुलगी म्हणाली, "मग सर, पक्ष्यांना बरं वाटतंय, पण खाडीला नाही?" तिच्या त्या प्रश्नावर अख्खा तास गेला, आणि पुस्तक त्या दिवशी बंदच राहिलं.

पालकहो, सुट्टीत कोकणात गेलात तर एक करा. खाडीकाठची एकच जागा ओहोटीला आणि भरतीला, दोन वेळा दाखवा. चिखलावर उड्या मारणारे निवट्या मासे दिसतात का, खेकड्यांची बिळं किती, वास कसा येतो, हे मुलांना वहीत लिहू द्या. पाणी मात्र चाखू देऊ नका.