किलोचा हिशेब आणि रुपयाचा हिशेब : अन्नप्रक्रिया उद्योगासाठी विशेष लेखासेवा

मूल्यवर्धनाकडे वळणारा शेतकरी यंत्रसामग्री, परवाना आणि बाजारपेठ यांचा विचार आधी करतो. लेखापालाची आठवण त्याला बहुधा विवरणपत्र भरताना होते. अन्नप्रक्रियेत हा विलंब महाग पडतो. या उद्योगातील नफा मुख्यतः कच्च्या मालाच्या उताऱ्यावर ठरतो आणि उतारा केवळ रुपयांच्या खातेवहीत दिसत नाही.

या विषयाच्या अभ्यासासाठी बेंगळुरूचा परिसर उपयुक्त आहे. येथील मावळ्ळी टिफिन रूम १९२४ मध्ये सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धात तांदूळ दुर्मीळ झाला, तेव्हा तेथे रव्याची इडली सिद्ध झाली, असे सांगितले जाते. कच्चा माल बदलला की कृती बदलते आणि तिच्यासोबत उत्पादनखर्चही बदलतो. हेसरघट्टा येथील भारतीय बागवानी संशोधन संस्था, शेजारच्या कोलार जिल्ह्यातील टोमॅटो व आंबा आणि शहरातच मुख्यालय असलेले कॉफी मंडळ यांमुळे शेती, संशोधन व उद्योग येथे एकमेकांच्या निकट आले आहेत. अशा ठिकाणी केवळ याच उद्योगाला वाहिलेली लेखासेवा उभारण्यास वाव आहे.

उताऱ्याची नोंद

समजा, एका केंद्राने किलोला ३० रुपये दराने १,००० किलो आंबा घेतला. ५०० किलो गर निघाला, तर गरातील फळाचा खर्च किलोमागे ६० रुपये होतो. ४५० किलो निघाला, तर तो ६६ रुपये ६७ पैसे होतो. किलोमागे ६ रुपये नफा धरून विक्रीदर ठरविला असेल, तर दुसऱ्या स्थितीत नफा संपून तोटा सुरू होतो. खरेदीच्या पावत्या मात्र दोन्ही वेळी सारख्याच असतात.

म्हणून प्रत्येक खेपेची स्वतंत्र नोंदवही हवी. आवक वजनाचा मेळ गर, कोय, साल आणि निवडीतील घट यांच्या बेरजेशी रोज बसला पाहिजे. लेखा मानक २ नुसार प्रक्रियेतील नेहमीची घट उत्पादनखर्चात धरली जाते. शीतगृह बंद पडून माल नासला, तर ती असाधारण घट त्या काळाचा खर्च म्हणून दाखवावी लागते. शिल्लक मालाचे मूल्य खर्च किंवा अपेक्षित निव्वळ विक्रीमूल्य यांपैकी जे कमी असेल तेवढेच धरावे. हा नियम पाळला नाही, तर साठा फुगलेला दिसतो, त्या आधारे कर्ज उचलले जाते आणि हंगाम संपल्यावर फेडीची अडचण उभी राहते.

शेती आणि कारखाना यांतील सीमा

शेतमाल बाजारात विकण्यायोग्य करण्यासाठी शेतकरी सामान्यतः जी प्रक्रिया करतो, तेथपर्यंतचेच उत्पन्न कृषी उत्पन्न ठरते. जॅमचा नफा पूर्णपणे करमुक्त नसतो. १९६२ च्या आयकर नियमांत स्वतः पिकवून संस्कारित केलेल्या कॉफीच्या उत्पन्नाचा २५ टक्के भाग व्यवसायाचा मानला होता; तीच भाजून दळून विकल्यास तो ४० टक्के होत असे. म्हणून शेतातून कारखान्यात गेलेल्या मालाचे वजन, तारीख आणि त्या दिवसाचा बाजारभाव नोंदविणे आवश्यक आहे.

सेवेची उभारणी

या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्या लेखापालाने आरंभी एकच पीक निवडावे आणि एक संपूर्ण हंगाम प्रक्रिया केंद्रात जाऊन वजनकाट्यापासून गोदामापर्यंतचे काम पाहावे. त्यावरून नोंदवह्यांचे नमुने, मासिक उतारा अहवाल आणि खेळत्या भांडवलाचे हंगामी अंदाजपत्रक तयार करावे. आंब्याची खरेदी दोन-तीन महिन्यांत होते, तर गराची विक्री वर्षभर चालते. हे अंतर अंदाजपत्रकात दिसले पाहिजे.

२०२० मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत पात्र प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये, कर्जसंलग्न अनुदानाची तरतूद करण्यात आली. अशा प्रस्तावांसाठी शुल्क ठरविताना सावध राहावे. सनदी लेखापालाने नफ्याच्या टक्केवारीवर किंवा कामाच्या निष्पत्तीवर अवलंबून शुल्क घेणे, काही विहित अपवाद वगळता, १९४९ च्या सनदी लेखापाल कायद्यानुसार गैरवर्तन ठरते. शुल्क आधी ठरवून लेखी घ्यावे, हे उभयपक्षी हिताचे असते.

विस्तार कार्यकर्त्यांनी प्रक्रिया प्रशिक्षणात एक सत्र खेपनिहाय नोंदवहीसाठी राखावे. काटा आणि वही केंद्रात पहिल्या दिवसापासून असतील, तर लेखापालाचा सल्ला तोटा होण्यापूर्वी उपयोगी पडेल.