कोळशाच्या खाणीतली मुले

बटण दाबले की दिवा लागतो. आपल्या राज्यातली बरीचशी वीज कोळसा जाळून होते. चंद्रपूर, बल्लारपूर, वणी या भागात कोळशाच्या खाणी आहेत. पण पूर्वी कोळसा काढताना माणसांचे किती हाल होत, ते ऐका.

सुमारे दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडात गिरण्या कोळशावर चालत. तेव्हा सात-आठ वर्षांची पोरेसुद्धा खाणीत उतरत. हवा खेळती राहावी म्हणून आत लाकडी दारे असत. कोळशाची गाडी आली की दार उघडायचे, गेली की लावायचे, हे लहानग्यांचे काम. बारा-बारा तास एकट्याने बसायचे. मेणबत्ती संपली की मिट्ट काळोख! काही खाणींत मोठी मुले, मुली आणि बाया कमरेला पट्टा व साखळी बांधून, रांगत गाड्या ओढत. त्यांना शाळा कुठली?

4 जुलै 1838 रोजी यॉर्कशायरमधील हस्कर खाणीवर मोठा पाऊस झाला. वर आणणारे यंत्र बंद पडले. मुले दुसऱ्या वाटेने बाहेर निघाली. तोच ओढ्याचे पाणी आत घुसले. दार पाण्याच्या जोराने उघडेना. 26 मुले बुडाली. त्यांत 11 मुली होत्या. सर्वांत लहान मूल सात वर्षांचे होते. सारा देश हळहळला. चौकशी झाली आणि 1842 साली कायदा झाला. स्त्रिया, मुली आणि दहा वर्षांखालील मुलगे यांना खाणीत उतरवण्यास बंदी झाली.

खाणीतले इतर धोके असे :
1) छत कोसळणे.
2) मिथेन वायूचा भडका. उघड्या दिव्याने तो पेट घेई. 1815 साली हंफ्री डेव्ही यांनी ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी असलेला दिवा बनवला.
3) कार्बन मोनॉक्साइड. या विषारी वायूला रंग नाही, वासही नाही. तो ओळखण्यासाठी कॅनरी पक्षी पिंजऱ्यातून नेत. पक्षी पडला की माणसे मागे फिरत.
4) कोळशाची धूळ. ती फुप्फुसात साठून दम लागे.

आपल्या देशातही 27 डिसेंबर 1975 रोजी धनबादजवळ चासनाला खाणीत पाणी घुसून सुमारे पावणेचारशे कामगार दगावले.

आज आपल्याकडे 18 वर्षांखालील कोणालाही खाणीत कामास ठेवता येत नाही. हा नियम फुकट मिळालेला नाही, मित्रांनो. म्हणून दिवा विनाकारण जळत ठेवू नका आणि शाळा बुडवू नका.

सांगा पाहू : खाणीत पक्षी का नेत?