आयसीयूतील वृद्ध रुग्ण : नुसते वय पाहू नका

घरातले आजी-आजोबा आयसीयूत दाखल झाले की आपला पहिला प्रश्न असतो, "डॉक्टर, वाचतील ना?" कुणी "आता वय झालं" म्हणून आशा सोडतो, कुणी दागिने गहाण टाकून खर्च करत राहतो. असा निर्णय घाईत घेण्याआधी डॉक्टर अंदाज कसा बांधतात ते आपण समजून घेऊ.

एक मोजमाप 'सोफा' नावाचे आहे. ते १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. फुप्फुसे, रक्ताभिसरण, यकृत, मूत्रपिंडे, मेंदू आणि रक्त गोठण्याची क्रिया या सहांना प्रत्येकी ० ते ४ गुण देतात. एकूण गुण २४. गुण जितके जास्त, तितका धोका जास्त. पहिल्या दोन-तीन दिवसांत गुण वाढतात की उतरतात, हेही महत्त्वाचे असते.

दुसरे मोजमाप अशक्तपणाचे. कॅनडातील डॉ. केनेथ रॉकवूड व सहकाऱ्यांनी ते २००५ मध्ये मांडले. आता त्यात १ ते ९ पायऱ्या आहेत. पाचवीपासून पुढे माणूस अशक्त समजतात. युरोपात ८० वर्षे व त्यावरील सुमारे ५,००० आयसीयू रुग्णांच्या अभ्यासात, अशक्त रुग्ण महिनाभरात दगावण्याचा धोका जास्त आढळला.

ही पायरी आजारी पडण्याआधीच्या स्थितीवरून ठरते, आणि ती माहिती घरच्यांकडेच असते. म्हणून डॉक्टरांना नेमके सांगा : आजी स्वतः आंघोळ करत होत्या का? बाजारात जात होत्या का? की अंथरुणावरच होत्या?

आकडा म्हणजे निकाल नव्हे. धोका ६० टक्के म्हणजे तशा १०० रुग्णांपैकी साधारण ६० दगावतात, ४० वाचतात. आपला माणूस कोणत्या बाजूला, हे आकडा सांगत नाही.

डॉक्टरांना हे प्रश्न जरूर विचारा :
• किती अवयव निकामी होत आहेत?
• कालपेक्षा आज फरक काय?
• वाचल्यास पुन्हा चालता-फिरता येईल का?
• काही दिवस पूर्ण उपचार करून मग एकत्र बसून पुढचे ठरवता येईल का?

व्हेंटिलेटर हवा की नको, हे वडीलधाऱ्यांना ते धडधाकट असतानाच विचारून ठेवा. अशी इच्छा आधी लिहून ठेवण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरीकडून ती साक्षांकित करता येते.