फुकटाची सवय

सलमाच्या घरी मोबाईलवर शब्दकोशाचे एक ॲप होते. एके दिवशी पडद्यावर सूचना आली, 'वर्षाला 60 रुपये भरा.' सलमा रागावली. ती म्हणाली, "अब्बा, कालपर्यंत हे फुकट होते. आजच पैसे कशाला?"

अब्बा शिंपीकाम करीत. सुई थांबवून ते म्हणाले, "बेटी, कापडाचे पैसे लोक मुकाट्याने देतात. शिलाई देताना मात्र कुरकुर करतात. कापड हाताला लागते, मेहनत लागत नाही. ॲपचेही तसेच. शिवाय फुकटाची सवय लागली, की थोडे पैसेही जड वाटतात."

"मग व्हॉट्सॲप फुकट कसे?"

"पूर्वी पहिल्या वर्षानंतर त्याची फी होती, वर्षाला सुमारे एक डॉलर. 2016 मध्ये ती बंद झाली. अनेकांकडे पैसे भरायला बँकेचे कार्डच नव्हते. आता ग्राहकांना संदेश पाठवणाऱ्या कंपन्या त्याला पैसे देतात. खर्च कोणीतरी भरतोच."

"म्हणजे माझा राग चुकीचा?"

"पूर्ण चुकीचा नाही. मी गिऱ्हाइकाला शिलाई आधी सांगतो. त्यांनीही आधी सांगायला हवे होते. पण तुझ्यासाठी कोणीतरी शब्द गोळा केले, हे विसरू नकोस."

सलमाला शब्दकोश रोज लागत असे. तिने साठवलेले 60 रुपये अब्बांच्या हातावर ठेवले.

संध्याकाळी एक गिऱ्हाईक म्हणाले, "शिलाई थोडी कमी करा." सलमा अब्बांकडे पाहून हसली.

शब्दार्थ : मुकाट्याने – काही न बोलता, कुरकुर – नाराजीचे बोलणे, गिऱ्हाईक – ग्राहक.