टास्कबार डावीकडे का नेता येत नाही?

प्रश्न : म्हापशात माझं टायपिंगचं आणि झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. जुन्या संगणकावर टास्कबार मी पडद्याच्या डाव्या बाजूला उभा ठेवायचो आणि उघडलेल्या प्रत्येक फाइलचं नाव त्यावर दिसायचं. आता विंडोज ११ चा नवीन संगणक घेतला, तर टास्कबार खालून हलत नाही आणि वर्डच्या सगळ्या फाइली एकाच चिन्हाखाली जातात. संगणकाचे पैसे आम्ही मोजतो, मग चालत्या सोयी का काढून घेतात? त्या परत मिळतील का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : आधी एक सांगतो, तुमचं काही चुकलेलं नाही. १९९५ साली विंडोज ९५ मध्ये टास्कबार आला, तेव्हापासून विंडोज १० पर्यंत तो चारही कडांना नेता यायचा. ऑक्टोबर २०२१ मध्ये विंडोज ११ आलं, त्यात तो नव्याने लिहिला होता. दोन पडद्यांच्या उपकरणांसाठी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०एक्स नावाची हलकी प्रणाली आखली होती. ती बाजारात आलीच नाही, पण तिच्यातलं बरंच काही विंडोज ११ मध्ये उतरलं. नव्या टास्कबारमध्ये जुन्या सोयी एकेक करून पुन्हा बांधाव्या लागणार होत्या, आणि काही बांधल्याच नाहीत. त्यामुळे तुमची सोय कोणी बंद केली असं नाही. घर पाडून नवं बांधताना ती खिडकीच ठेवायची राहिली.

का राहिली? याची दोन कारणं आहेत आणि दोन्ही समजून घेण्यासारखी आहेत. पहिलं कारण खर्चाचं. चालू-बंद करायचे दहा पर्याय ठेवले तर त्यांच्या १,०२४ जुळण्या होतात, आणि वीस ठेवले तर दहा लाखांच्या वर. टास्कबार उभा केला की सूचना कुठून उघडायच्या, स्टार्ट मेनू कुठल्या बाजूने यायचा, हे सगळं पुन्हा आखावं आणि तपासावं लागतं. दुसरं कारण मोजणीचं. कुठली सोय किती जण वापरतात याची आकडेवारी संगणकांमधून कंपनीकडे जात असते. टास्कबार बाजूला नेणारे लोक बाकीच्यांच्या मानाने फार थोडे, असं मायक्रोसॉफ्टच्या बाजूने २०२२ मध्ये उघडपणे सांगितलं गेलं.

पहिलं कारण मला पटतं. दुसरं पटत नाही, कारण त्या मोजणीत माणसं मोजली जातात, त्यांचं काम मोजलं जात नाही. तुमच्या दुकानातली एखादी सकाळ पाहा. शुक्रवारच्या बाजाराला पेडण्याहून, डिचोलीहून माणसं येतात आणि त्याच खेपेत कचेरीची कामंही उरकतात. एकाचं प्रतिज्ञापत्र, दुसऱ्याचा मुंडकार प्रकरणातला अर्ज, तिसऱ्याला जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यासोबत जोडायचं पत्र. पाच-सहा फाइली एकदम उघड्या असतात. नावं समोर दिसली तर नेमकी फाइल एका क्लिकमध्ये पुढे येते. चिन्हाखाली दडली तर दर वेळी शोधावी लागते, आणि घाईत एकाच्या अर्जात दुसऱ्याचा सर्व्हे नंबर जाण्याची धास्ती राहते.

उभ्या टास्कबारचंही तसंच आहे. साध्या लॅपटॉपचा पडदा बऱ्याचदा १३६६ बाय ७६८ चा असतो. रुंदी भरपूर, उंची तोकडी. विंडोज १० मध्ये टास्कबार ४० पिक्सेलचा होता, ११ मध्ये तो ४८ चा झाला. म्हणजे उंचीचा सोळावा हिस्सा तिथेच गेला. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार लागतात, ओळ उंच होते आणि पानावरच्या ओळी आधीच कमी दिसतात. त्यामुळे तुम्ही टास्कबार बाजूला ठेवत होता तो हौस म्हणून नव्हे, तर मराठी टंकनाची ती रास्त गरज होती.

आणि हे पहिल्यांदा घडत नाही. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये स्टार्ट बटण आणि त्यामागचा स्टार्ट मेनू गेला. खिडक्यांच्या चौकटीचे आणि मेनूचे रंग, अक्षरांचे आकार एकेक करून ठरवायची जुनी खिडकीही तेव्हाच गेली. लोकांनी इतकी ओरड केली की वर्षभरात ८.१ मध्ये बटण आलं आणि २०१५ मध्ये विंडोज १० सोबत मेनूही परतला. फुकट आणि मुक्त असलेल्या लिनक्सच्या जगातही हेच झालं. ग्नोम हा लिनक्सवरचा एक डेस्कटॉप. २०११ मध्ये ग्नोम ३ ने त्यातल्या टास्कबारसारख्या जुन्या पट्ट्या आणि त्यांची मांडणी मोडीत काढली. खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. फरक इतकाच की तिथे मूळ लिखाण सर्वांना खुलं होतं. अर्जेंटिनातल्या एका वापरकर्त्याने जुनं ग्नोम २ उचलून माटे नावाने पुढे चालू ठेवलं, आणि ते आजही चालू आहे.

अशा बदलांचा फटका बसतो तो सवयीला. गोव्यात मनोहर पर्रीकर मुख्यमंत्री असताना सायबरएज योजनेतून उच्च माध्यमिकच्या विद्यार्थ्यांच्या घरी संगणक पोहोचले. त्या मुलांपैकी कितीतरी जण पुस्तक न वाचता, इथे क्लिक करून बघ, तिथे ओढून बघ असं करत शिकले. ती पिढी आज चाळिशीच्या आसपास आहे आणि दुकानांत, कचेऱ्यांत बसून काम करते. हाताला लागलेलं वळण हीच तिची कमाई आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणजे जुन्यावर राहायची वाटही अरुंद झाली. अशा वेळी आपल्या सवयीला हट्ट म्हणून कोणी मोडीत काढू नये.

आता उपाय. फाइलींची नावं तुम्हाला आजच परत मिळतील. विंडोज ११ मध्ये ही सोय २०२३ च्या अखेरीस परत आली, म्हणून आधी सगळे अपडेट घ्या. मग टास्कबारवर मोकळ्या जागी उजवं क्लिक करा, टास्कबार सेटिंग्ज उघडा आणि टास्कबार बिहेविअर्समध्ये जा. बटणं एकत्र करून नावं लपवायच्या पर्यायापुढे ‘नेव्हर’ निवडा. तिथेच स्टार्ट बटण डाव्या कोपऱ्यात नेता येतं. 

टास्कबार बाजूला नेण्याची मागणी लोकांनी वर्षानुवर्षं लावून धरली आहे, तेव्हा मोठा अपडेट आला की त्याच ठिकाणी नवा पर्याय दिसतो का ते पाहत जा. बाहेरची सॉफ्टवेअर घालून हे करता येतं, पण एखाद्या अपडेटनंतर ती बिघडू शकतात. ज्या संगणकावर दुकान चालतं तिथे तो धोका पत्करू नका. जुना संगणक घरी पडून असेल तर त्यावर लिनक्स मिंट घालून बघा, त्यात टास्कबारसारखी पट्टी हव्या त्या कडेला जाते. मात्र श्रीलिपीसारख्या मराठी टंकनाच्या सॉफ्टवेअरवर तुमची कामं असतील तर ती तिथे चालतात का हे आधी तपासा.

आणि तक्रार जरूर नोंदवा. विंडोजचं बटण आणि एफ दाबलं की अभिप्रायाची खिडकी उघडते. ‘जुनं परत द्या’ एवढंच लिहू नका. पडदा केवढा आहे, देवनागरीच्या किती ओळी दिसतात, एका वेळी किती फाइली उघड्या असतात आणि कुठे वेळ जातो, ते लिहा. वापरणाऱ्यांची नुसती संख्या कंपनीकडे आहेच. ते लोक ती सोय कशासाठी वापरतात, हे तिला फक्त तुमच्यासारख्यांकडूनच कळू शकतं. स्टार्ट मेनू आणि फाइलींची नावं परत आली ती लोक बोलत राहिले म्हणूनच.