स्क्रीनशॉट कोणत्या रूपात साठवावा व पाठवावा?

अर्जाची पोचपावती, हवामानाचा इशारा, बाजारभावाचा तक्ता असे अनेक कागद आता शेतकऱ्यांच्या हाती मोबाईलच्या पडद्यावरच येतात. पडद्यावर जे दिसते त्याचे चित्र टिपून ठेवणे, म्हणजेच स्क्रीनशॉट काढणे, हे खेडोपाडी अंगवळणी पडले आहे. तथापि ते चित्र कोणत्या रूपात साठवावे व दुसऱ्याकडे कसे धाडावे, याकडे फारसे लक्ष दिले जात नाही.

गेल्या हंगामात एका शेतकरी बंधूंनी अनुदानाच्या अर्जाची पोचपावती मला दाखविली. ती चार जणांच्या मोबाईलमधून फिरून आली होती. अर्ज क्रमांक इंग्रजी आकड्यांत होता व त्यातील एक आकडा तीन की आठ, हे कोणासही सांगता येईना. मोबाईलमध्ये जागा व्हावी म्हणून मूळ चित्र मुलाने पुसून टाकले होते. त्या एका आकड्यापायी ऐन पेरणीत त्यांना तालुक्याला दोन खेपा घालाव्या लागल्या.

चित्र दाबण्याच्या दोन रीती

पडद्यावरील चित्र बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. आडवे १०८० व उभे २४०० ठिपके असलेल्या पडद्यावर एकूण सुमारे २६ लाख ठिपके भरतात. प्रत्येकाचा रंग स्वतंत्रपणे नोंदल्यास फाईल सुमारे ७८ लाख बाइटांची होईल. म्हणून ती दाबून लहान करावी लागते. याच्या दोन रीती आहेत.

पीएनजी हे रूप १९९६ साली प्रसिद्ध झाले. यात एकसारख्या ठिपक्यांची पुनरावृत्ती हेरून ती थोडक्यात नोंदली जाते व फाईल उघडताच प्रत्येक ठिपका पूर्ववत मिळतो. पांढऱ्या पानावरील काळ्या अक्षरांत अशी पुनरावृत्ती पुष्कळ असल्याने फाईलही आटोपशीर राहते.

जेपीजी या रूपाचे प्रमाण १९९२ साली ठरले. यात चित्राचे ८ × ८ ठिपक्यांचे चौकोन पाडून डोळ्यास सहसा न जाणवणारा तपशील गाळला जातो. पिकाच्या छायाचित्रात ही घट दिसत नाही. परंतु अक्षरांच्या रेखीव कडांभोवती मळकट छटा उमटते. चित्र पुन्हा पुन्हा दाबले गेले की ती वाढत जाते.

गहू पोत्यात बांधून ठेवला, तर पोते सोडल्यावर तोच गहू मिळतो. दळल्यावर मात्र पिठाचा दाणा होत नाही. पीएनजी हे बांधलेले पोते होय व जेपीजी हे दळण होय. जेपीजीचे मागाहून पीएनजी केले, तरी ते पीठ पोत्यात भरण्यासारखेच आहे. गेलेला तपशील त्याने परत येत नाही.

कोणत्या कामास कोणते रूप?

१. पोचपावती, तक्ता, नकाशा किंवा अक्षरे व आकडे असलेला कोणताही स्क्रीनशॉट पीएनजी रूपात ठेवावा. काही मोबाईल तो जेपीजी रूपात साठवितात. फाईलच्या नावाचा शेवट पाहून खात्री करावी व सोय असल्यास सेटिंगमध्ये पीएनजी निवडावे.

२. कीड व रोगाचे छायाचित्र कॅमेऱ्याने काढलेल्या मूळ जेपीजी रूपातच पाठवावे. त्याचा स्क्रीनशॉट काढू नये. ४००० × ३००० ठिपक्यांचे छायाचित्र वरील पडद्यावर उभ्या मोबाईलमध्ये पूर्ण रुंदीने पाहताना सुमारे साडेपंधरा लाख ठिपक्यांतच दिसते. म्हणजे आठवा हिस्सा उरतो व पानावरील बारीक ठिपका ओळखता येत नाही.

३. पावती किंवा उतारा पीडीएफ रूपात मिळत असल्यास तीच फाईल जपावी. डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्याची स्वाक्षरी मूळ पीडीएफ फाईलमध्ये असते. स्क्रीनशॉटमध्ये तिचे केवळ चित्र येते. लांबलचक पानाचे तुकड्यातुकड्याने स्क्रीनशॉट काढण्याऐवजी ब्राउझरमधील प्रिंटच्या सोयीने पान पीडीएफ करून ठेवावे.

पाठविताना घ्यावयाची काळजी

व्हॉट्सॲपवर चित्र फोटो म्हणून पाठविल्यास ते दाबले जाते. एचडी निवडले तरी काही घट होतेच. म्हणून महत्त्वाचे चित्र जोडणीच्या चिन्हातील ‘डॉक्युमेंट’ या वाटेने पाठवावे. त्यायोगे मूळ फाईल जशीच्या तशी पोहोचते.

फाईल मोठी वाटल्यास प्रथम अनावश्यक भाग कापून टाकावा. आधार क्रमांक व बँक खाते दाखविण्याचे कारण नसेल, तेथे त्यावर गडद भरीव रंगाची पट्टी ओढावी. पुसट रेघोट्यांखालील आकडे वाचता येतात. ऑनलाइन अर्जास चित्र जोडताना तेथे सांगितलेले रूप व आकार पाहून त्याची वेगळी प्रत करावी व मूळ फाईलला हात लावू नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांचे अर्ज भरून देताना पावतीची मूळ फाईल त्यांच्याच मोबाईलमध्ये, अर्जाचे नाव व तारीख घालून, साठवून द्यावी. आणि आकडे वाचता येतात की नाही, हे त्यांच्यासमक्ष चित्र मोठे करून पाहावे. या कामास दोन मिनिटे पुरतात व पुढील खेपा वाचतात.